मोठं गिऱ्हाईक, उलटा हिशेब
जास्त माल उचलणारं गिऱ्हाईक जास्त फायद्याचं, हा समज स्वीडनच्या कांथाल कंपनीने १९८०च्या दशकात तपासून पाहिला. हीटरच्या तारा बनवणाऱ्या या कंपनीने विक्री-खर्च सगळ्यांवर सरसकट वाटणं सोडलं. एक ऑर्डर नोंदवून पुरी करायला किती खर्च येतो, गोदामात नसलेला माल मुद्दाम बनवून द्यायला किती, हे काढून तो ज्याच्या-त्याच्या नावे टाकला. हेच कामनिहाय खर्चमापन. त्यातून दिसलं की ४० टक्के गिऱ्हाइकं एकूण नफ्याच्या अडीचपट कमावून देत होती. त्यातलं बरंचसं बाकीच्यांवर खर्ची पडत होतं. सर्वाधिक तोट्याची दोन गिऱ्हाइकं तर खरेदीत पहिल्या तिनांतली! अशांना लगेच तोडणं मात्र मला पटत नाही. आधी बारीकसारीक ऑर्डरी एकत्र करायला सांगावं, नाहीतर त्यांचं वेगळं शुल्क लावावं.