खापराचा पत्ता

कोणत्याही उत्खननात सर्वांत जास्त निघते ते खापर. नाणी बोटांवर मोजण्याइतकी, खापरे मात्र पोत्यांनी. पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९३९ साली पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू झाली, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथे आले आणि खापरांकडे नीट पाहण्याची शिस्त लागली. महाराष्ट्रातल्या जोर्वे आणि इनामगाव या स्थळांची कालगणना बरीचशी याच तुकड्यांवर उभी आहे. रंग, आकार, नक्षी पाहून भांडे कोणत्या काळातले ते कळते. ते घडले कुठे, हे मात्र नजरेला कळेलच असे नाही, कारण नक्षी कोणीही उचलतो.

त्यासाठी माती तपासावी लागते. डेक्कन कॉलेजात विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाची पद्धत वापरली. खापराचा वरचा थर खरवडून आतली माती खलात बारीक कुटायची, ती पूड साच्यात दाबून यंत्रात ठेवायची. किरण खनिजांच्या स्फटिकांवर आपटून ठरावीक कोनांतच परततात. तांब्याच्या नळीतून निघालेल्या किरणांचे क्वार्ट्‌झचे सर्वांत ठळक शिखर २६.६ अंशांच्या आसपास दिसते. इतर खनिजांची शिखरे किती उंच, यावरून मातीची ओळख पटते. भट्टीचा अंदाजही येतो: केओलिनाइट साधारण ५५०–६०० अंश सेल्सिअसला मोडते, तेव्हा ते शिल्लक असेल तर भाजणी त्याहून मंद होती.

याचा गाजलेला उपयोग झाला तो रुलेटेड वेअरवर. आतल्या तळावर बारीक खाचांची वर्तुळे असलेली ही थाळी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला मिळाली आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या १९४५ च्या उत्खननानंतर तिचा संबंध रोमन जगाशी जोडला गेला. गोगटे यांनी १९९७ मध्ये तिची माती बंगालच्या चंद्रकेतुगढ–तामलुक भागातली असल्याचे मांडले. निष्कर्ष धाडसी होता. पुढच्या रासायनिक अभ्यासांनी माती एकाच स्रोताची असल्याला दुजोरा दिला, पण तो स्रोत नेमका कुठला यावर वाद राहिला. गाळाच्या मैदानात शेकडो मैल माती सारखीच असते, ही या पद्धतीची खरी अडचण.

भांड्यावरच्या झिलईपुढे तर हे यंत्र जवळजवळ हतबल होते. झिलई म्हणजे काच, आणि काचेत स्फटिकांसारखी अणूंची सुसूत्र मांडणी नसते. आलेखावर शिखरांऐवजी नुसता पसरट उंचवटा उमटतो. तिथे क्ष-किरण प्रतिदीप्तीने मूलद्रव्ये मोजतात; झिलईचा रंगही त्यांवरच ठरतो. चिनी राजवाड्यांची पिवळी कौले शिशाच्या झिलईत लोह मिसळून होत. शिशाच्या झिलईत तांबे घातले की हिरवा रंग येतो. तेच तांबे क्षारयुक्त झिलईत पिरोजासारखी निळाई देते. अशी निळी पश्चिम आशियाई भांडी गुजरातमधल्या संजाणच्या उत्खननात मिळाली. तिथल्या खापरांचा अभ्यास रुखसाना नानजी यांनी केला. मात्र जमिनीत शतकानुशतके पडलेल्या अशा झिलईतले क्षार झिरपून जातात. म्हणून वरच्या पृष्ठभागावर मोजमाप घेतले तर आकडे फसवे येतात. तुकडा आडवा कापून, घासून, आतल्या न बिघडलेल्या थरावरच ते घ्यावे लागते.