गुगलवर सगळं मिळतं, पण खरं कुठलं?

पूर्वी मुलांचं अभ्यासात काही अडलं, की गल्लीतल्या गुरुजींच्या घरी जायचं, नाही तर गाईड उघडायचं. दोनच रस्ते! आता घरोघरी मोबाईल आला. पोरगं म्हणतं, "आई, थांब, गुगलला विचारतो." आईलाही बरं वाटतं, चला, पोरगं अभ्यासाला तरी लागलं. पण मैत्रिणींनो, खरी गोम तिथंच आहे. फोन उत्तर देतो, क्षणात देतो. ते उत्तर कोणाचं, हे मात्र कोणीच विचारत नाही.

आमच्या मानवतला दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा एक अभ्यासगट बसतो. मी आपली बी.ए., मराठी आणि इतिहास घेऊन. विज्ञान-गणित माझं दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. त्यामुळे मी शिकवण्याच्या भानगडीत पडत नाही. मुलं फोनवर काही वाचून दाखवायला लागली, की एकच प्रश्न विचारते, "हे कोण सांगतंय रे?" सुरुवातीला मुलं हसायची. आता मी तोंड उघडायच्या आतच सांगतात, "काकू, हे अमक्या साईटवरचं आहे."

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते एका निळ्या गोळीनं आम्हाला दाखवलं. सरकारच्या ॲनिमियाविरोधी योजनेत शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आमच्या गटातली नववीतली एक मुलगी ती गोळी वहीत दडवून घरी न्यायची आणि फेकून द्यायची. का, तर तिच्या आईनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. आई मला म्हणाली, "ताई, त्या गोळीनं पोरींना पुढं लेकरं होत नाहीत म्हणं. त्यापेक्षा बिटाचा रस पाजला की आठ दिवसांत रक्त वाढतंय म्हणं."

आई वाईट नव्हती हो. लेकीच्या काळजीनंच ती तसं करत होती. व्हिडिओतला माणूस पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बोलत होता. पण त्याचं शिक्षण काय, तो कोणत्या दवाखान्यात बसतो, याचा पत्ता कुठंच नव्हता. व्हिडिओच्या खाली मात्र त्याच्याच चूर्णाची जाहिरात होती!

मग आम्ही गटात हिशोबच मांडला. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे एका गोळीएवढं लोह मिळवायला सहा किलोपेक्षा जास्त बीट खावं लागेल! शरीर गोळीतलंही सगळं लोह शोषून घेत नाही आणि बिटातलंही नाही, पण साठ कुठं आणि एक कुठं? बीट जरूर खावं, पण त्याच्या भरवशावर गोळी फेकू नये. गोळीनं कधी मळमळतं, शौचाला काळं होतं, ही गोष्ट खरी आहे. त्याला घाबरायचं कारण नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, वरून चहा पिऊ नये, कारण चहानं लोह कमी शोषलं जातं. लिंबू मात्र चांगलं. आणि मूल न होण्याचं म्हणाल, तर लोहाच्या गोळ्या गरोदर बायकांनाच तर आवर्जून देतात! एवढं सांगितल्यावर ती माय हसली आणि लेकीला घेऊन दवाखान्यात गेली. मुलीचं हिमोग्लोबिन ९ निघालं. या वयात ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया समजतात. डॉक्टरांनी रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. आठवड्याची गोळी ही आजार होऊ नये म्हणून असते. आजार झाल्यावर डोस किती, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

ही काही एकट्या आमच्या गल्लीची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये जवळपास ५९ टक्के मुली ॲनिमियाग्रस्त आढळल्या. दहातल्या सहा! आणि नेमक्या याच मुलींच्या हातातल्या फोनवर असले व्हिडिओ येऊन पडतात.

म्हणून आरोग्याच्या बाबतीत मी फार कडक आहे. गणित चुकलं तर खोडता येतं, पण शरीरावर काही खोडता येत नाही. सरकारी आरोग्य विभाग, जागतिक आरोग्य संघटना किंवा नाव-पत्ता असलेले डॉक्टर, यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकून पोटात काही घालायचं नाही. शंका आली तर आशाताई आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे. १०४ नंबरवर फोन करून आरोग्याचा सल्लाही विचारता येतो. पाळीबद्दल मुलींना आईशी बोलायला लाज वाटते, मग त्या फोनला विचारतात आणि भलतंच काही समोर येतं. त्यापेक्षा 'मेन्स्ट्रुपीडिया'चं चित्रमय पुस्तक आधी आपण वाचावं, मग लेकीच्या हातात द्यावं. माझ्या वयाच्या बायकांनाही त्यातून नवीन कळतं, हे मी पाहिलंय.

सापाचंही तसंच. आपल्याकडे कापसाच्या रानात लेकरं सकाळ-संध्याकाळ असतात. दंशावर चीर द्या, तोंडानं विष ओढा, करकचून बांधा असं दाखवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. यातलं काहीएक करायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन लावायचा आणि जिथं प्रतिसर्पविष मिळतं तो दवाखाना गाठायचा. विंचवाच्या दंशावर जगानं मान्य केलेलं काम आपल्याच मराठवाड्यातल्या माणसाच्या नावावर आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. त्यांनी कोकणात महाडला राहून विंचूदंशाचे रुग्ण तपासले, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि ते काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भरवशाची माहिती अशी तयार होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगते.

गणितात मात्र मला कोणाच्या नावाचा धाक वाटत नाही. तिथं खरं-खोटं करायला कागद-पेन्सिल पुरते. एकदा एका मुलानं फोनवर '६१७४ हा जादूचा आकडा' असं काही वाचलं. सगळ्यांना वाटलं, झालं, आणखी एक फॉरवर्ड! मी म्हटलं, करून बघा की. सगळे सारखे नसलेले कुठलेही चार अंक घ्यायचे. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करायची आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. मुलांनी ३५२४ घेतले. ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ आले. मग ८५३२ उणे २३५८, आणि आले की हो ६१७४! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हा आकडा येतोच. हा शोध नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये जगापुढं मांडला. जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. आमची पोरं त्या दिवशी अंधार पडेपर्यंत वजाबाक्या करत होती. एरवी वजाबाकी म्हटलं की तोंडं वाकडी होतात!

गणित समजून घ्यायला 'खान अकॅडमी' बरी वाटते. सलमान खान (सिनेमातला नव्हे हं!) यांनी २००४ मध्ये लांब राहणाऱ्या आपल्या बहिणीला गणित शिकवायला सुरुवात केली, त्यातून ती उभी राहिली. फुकट आहे आणि काही भाग मराठीतही आहे. क्लासवाले मात्र दोन धडे फुकट दाखवून पुढं हजारो रुपये मागतात. इथल्या एका बाईंनी लेकाच्या नावानं असल्या एका ॲपचे हप्ते भरले, आणि मुलगा महिन्यात कंटाळला.

विज्ञानाचं खरं-खोटं हातांनी करून बघता येतं. इथं मला सगळ्यात आवडणारं नाव म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पण मोठी नोकरी सोडून टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करत बसले. पुण्याच्या 'आयुका'मध्ये मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळणी आणि पुस्तकं आहेत, मराठीतही, आणि सगळी फुकट. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याची तार एवढ्यावर मोटर फिरते! आमच्या मुलींची मोटर आधी काही केल्या फिरेना. मग पुन्हा पाहिल्यावर कळलं, की तारेच्या टोकांवरचं इनॅमल एका बाजूला तसंच ठेवून बाकीचं खरवडायचं असतं. तसं केलं आणि मोटर भिरभिरली. असं सामान नसेल तिथं अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे प्रयोग फोनवर करता येतात. त्यातले बरेच मराठीत आहेत.

आता शोधायचं कसं? सगळ्यात वर येतं ते सगळ्यात खरं, हा गैरसमज आधी काढून टाका. वर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. आमच्याच गावाचं बघा ना! मानवत शोधलं की १९७२ ते १९७४ मधल्या खून प्रकरणाचा मजकूर हमखास समोर येतो. गुप्तधनाच्या हव्यासापायी आणि अंधश्रद्धेपायी बायका-मुलींचे बळी गेले, ते प्रकरण. त्यावर २०२४ मध्ये मालिकाही आली. ते खोटं नाही, पण त्यापलीकडे कापसाची बाजारपेठ असलेलं आमचं गाव आहे, ते बघायला बरंच खाली जावं लागतं. ज्याला लोकांची बोटं जास्त लागतात, ते वर चढतं.

पत्त्याकडेही बघायची सवय लावा. शेवटी 'गव्ह डॉट इन' असेल तर सरकारी, 'एसी डॉट इन' असेल तर बहुतेक विद्यापीठ किंवा संस्था. 'ओआरजी' मात्र कोणालाही घेता येतं, त्यावर भाळू नका. 'नासानं सांगितलंय' असं लिहून आलेलं, रात्री मोबाईल बंद ठेवायला सांगणारं पत्र तुम्हालाही आलं असेलच. असलं काही आलं की तारीख आणि मूळ नाव शोधायचं. दोन्ही नसतं! आणि खोटं वेगळं, जुनं वेगळं. मराठी विश्वकोश हा आपल्या भाषेतला केवढा ठेवा, तो नेटवर फुकट वाचता येतो. पण त्याचा पहिला खंड १९७६चा आहे. जुन्या नोंदीत प्लूटो ग्रह असेल, तर ती तेव्हाची माहिती समजायची. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला बटुग्रह ठरवलं.

हल्ली तर फोनला विचारलं की तो स्वतःच गोड मराठीत उत्तर लिहून देतो. मुलं ते जसंच्या तसं वहीत उतरवतात. त्यात चूक असली तरी भाषा इतकी ठाम असते, की शंकाच येत नाही. आमच्या गटाचा नियम असा, की ते उत्तर आधी पाठ्यपुस्तकाशी ताडून बघायचं. पुस्तक फाटलं, हरवलं तरी अडत नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा चौकोनी कोड 'दीक्षा' ॲपनं स्कॅन केला, की त्या इयत्तेचं साहित्य समोर येतं. आम्ही काय करतो, ज्यांच्याकडे नेट आहे त्यांच्या फोनवर रविवारी सगळं उतरवून घेतो आणि बाकीच्यांना ब्लूटूथनं देतो. मग आठवडाभर रेंज नसली तरी चालतं.