छाननीच्या टेबलापाशी

छत्रपती संभाजीनगरहून जळगावला जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूर लागते. लेण्यांना आलेला प्रवासी इथल्या टी-जंक्शनवर आपली गाडी ठेवतो आणि दुसऱ्या बसने चार किलोमीटर आत जातो. सोयगाव तालुक्यातले हे गाव लहान, पण जगाशी त्याचा व्यवहार रोजचा. गारगोटीचे खडे विकणारी मुले परदेशी पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत भाव करतात. अशा गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपले मन चारचौघांसारखे ओढ घेत नाही हे उमगले, तर मोबाइलवर सगळे जग हजर असते आणि बोलायला मात्र माणूस नसतो. 'क्वीअर' हा शब्दही त्याला मोबाइलवरच भेटतो. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा सगळ्यांना कवेत घेणारा हा शब्द मराठीत आता रुळू लागला आहे, तो मी इथे तसाच वापरतो.

क्वीअर तरुणांचे नेतृत्व घडवायचे, त्यांचा समुदाय बांधायचा, असे प्रयत्न मुंबई-पुण्यात तीन दशके चालू आहेत. तिथले नेतृत्व म्हणजे बहुधा व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, अभिमान यात्रेतला पहिला फलक. फर्दापूरसारख्या ठिकाणी ते कसे असेल याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. याच रस्त्याच्या दोन टोकांना जोडणारी एक घटना 2021 च्या पहिल्या आठवड्यात घडली.

त्या जानेवारीत राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. जळगाव-भुसावळ लोहमार्गावरच्या भादली बुद्रुक गावात अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या सर्वसाधारण जागेवर अर्ज भरला. 31 डिसेंबरला छाननी झाली. पंचायतीत तृतीयपंथीयांसाठी आरक्षण नाही, असे सांगून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज बाद केला. अर्ज मागे घेण्याची मुदत 4 जानेवारीची. म्हणजे जे करायचे ते तीन-चार दिवसांत, त्यातही मध्ये नवे वर्ष आणि शनिवार-रविवार. अंजली पाटील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि 2 जानेवारीला, शनिवारी, न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. 15 तारखेला मतदान झाले, 18 ला मोजणी. त्या निवडून आल्या.

बातमी म्हणून हे सगळ्यांनी वाचले. मला त्यातला कायद्याचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या 'नाल्सा' निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. 2019 च्या कायद्याच्या कलम 4 च्या दुसऱ्या पोटकलमात तो लिहिलाही गेला होता. खंडपीठाने याच कलमाचा आधार घेतला. म्हणजे 31 डिसेंबरला कायदा अस्तित्वात होता. त्या टेबलाच्या अलीकडे-पलीकडे, कलमावर बोट ठेवून 'साहेब, हे वाचा' असे म्हणणारा आणि ज्याचे म्हणणे ऐकले जाईल असा माणूस नव्हता. नेतृत्वाचे प्रशिक्षण म्हणजे अशी माणसे तालुक्या-तालुक्यात तयार करणे. बाकीचे मागाहून येते.

निकालातली एक ओळ मात्र खटकत राहते. यापुढे संधीसाधूपणाने पुरुष म्हणून वावरणार नाही, अशी हमी अर्जदाराच्या वतीने वकिलांनी न्यायालयात दिली. दुसऱ्या कोणत्या उमेदवाराला असे वचन द्यावे लागते? हक्क मिळाला, पण संशयाची पावती जोडूनच मिळाला.

मराठीत या विषयावरचा संवाद सभेतून सुरू झाला नाही, तो पत्रांतून झाला. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण नाव न सांगता विचारता येईल आणि विचारणाऱ्याची टिंगल होणार नाही अशी एक जागा मराठीत काही वर्षे होती. पुढची प्रत्येक संस्था अशीच जागा शोधत आली आहे. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' काढले आणि 1994 मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला, त्याला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. मुंबईतल्या समलिंगी स्त्रियांचा 'स्त्री संगम' 1995 चा. अमेरिकेतली नोकरी सोडून परतलेल्या बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला, हेल्पलाइन चालवली आणि मुख्य म्हणजे मराठीत लिहिले. त्यांची 'पार्टनर' आणि 'इंद्रधनु' ही पुस्तके जिल्ह्याच्या वाचनालयापर्यंत पोचू शकतात, इंग्रजी माहितीपत्रक पोचत नाही. पुण्यातली पहिली अभिमान यात्रा डिसेंबर 2011 मध्ये निघाली. हा क्रम पाहा: आधी ऐकणे, मग भेटणे, मग लिहिणे, रस्त्यावर येणे सर्वांत शेवटी. आजची बरीच शिबिरे हा क्रम उलटा लावतात आणि गावाकडच्या मुलाला पहिल्याच दिवशी 'पुढे ये, बोल' म्हणतात. तो शनिवारी बोलेल, सोमवारी गावात परतेल. पुढे काय, याचा विचार शिबिराच्या वेळापत्रकात नसतो.

नेतृत्व शिकवण्याची एक जुनी व्यवस्था आपल्याकडे आहेच, ती म्हणजे हिजड्यांची घराणी. गुरू, चेला, नायक, पंचांचा निवाडा, दंड, म्हातारपणी सांभाळ हे सगळे त्यात आहे. घरातून हाकललेल्या पोराला रात्री दार उघडणारे पहिले घर अनेकदा तेच असते, हे सुशिक्षित कार्यकर्त्यांनी विसरू नये. पण त्या व्यवस्थेत गुरूचा शब्द शेवटचा, आणि समलिंगी मुली किंवा पारलिंगी पुरुष यांना तिथे जागा नाही. घराण्यातला सांभाळ घ्यावा आणि हुकमत सोडावी, असा मधला मार्ग काढावा लागेल.

तो निघू शकतो हे सांगलीने दाखवले आहे. मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने 1992 पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम केले. त्यातून 1996 मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना झाली आणि पुढे पुरुष व तृतीयपंथीयांची 'मुस्कान'. कामाची सुरुवात भाषणांनी झाली नाही. निरोध वाटणे, आजारी मैत्रिणीबरोबर सरकारी दवाखान्यात जाणे, पोलीस ठाण्यात तिच्या शेजारी उभे राहणे, अशी ती कामे होती. दहा वेळा दुसऱ्यासाठी ठाण्याची पायरी चढलेली बाई अकराव्या वेळी कुणाला घाबरत नाही. हे शिक्षण कोणत्याही खेळातून किंवा गटचर्चेतून मिळत नाही.

आता शिबिरांविषयी. शिबिराचे महाराष्ट्राला वेड आहे. राष्ट्र सेवा दल 1941 चे, राष्ट्रीय सेवा योजना 1969 ची, आणि सात दिवसांचे निवासी शिबिर ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलांना चांगले ठाऊक असते. क्वीअर मुलांसाठी वेगळे शिबिर हवेच, पण त्याआधी हे असलेले शिबिर पाहावे. तिथे पहिला प्रश्न झोपण्याचा येतो: मुलांची खोली, मुलींची खोली, आणि ज्याला दोन्हीकडे भीती वाटते त्याने काय करायचे? कार्यक्रम अधिकाऱ्याने हे न बोलता, यादी न लावता सोडवले, तर त्या मुलाला कळते की इथे एक माणूस आपला आहे. 'साथी' म्हणतात तो हा. साथीने झेंडा घ्यायलाच हवा असे नाही. त्याने खोली नीट वाटावी, हजेरीत नाव नीट घ्यावे, आणि कळलेली गोष्ट घरी पोचवू नये. गावात बातमी फुटणे म्हणजे शिक्षण थांबणे, मुलगी असेल तर घाईचे लग्न. म्हणून गुप्तता पाळणे हा इथल्या प्रशिक्षणाचा पहिला धडा असायला हवा, आणि तो साथींना आधी द्यायला हवा.

डेटिंग अ‍ॅपचेही तेच. शहरात अ‍ॅपवर शेजारच्या गल्लीतला माणूस दिसतो, इथे कित्येक किलोमीटरवरचा, आणि तो खरा की पैसे उकळणारा हे ओळखायला कुणी शिकवलेले नसते. पैशांसाठी धमकी आली तर तक्रार कुठे आणि कशी करायची, 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, हे पोलिसाला कसे सांगायचे, याचा सराव करून घ्यावा. अगदी वाक्ये पाठ करून घ्यावीत. मला हे अभिमान यात्रेहून निकडीचे वाटते. माझ्याशी शहरातले मित्र सहमत होणार नाहीत.

उघडपणे पुढे येणारेही गावाकडे आहेतच. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने ऑक्टोबर 2017 मध्ये ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच निवडले. जळगाव जिल्ह्यातल्याच शमिभा पाटील यांना 2024 च्या विधानसभेसाठी रावेरमधून वंचित बहुजन आघाडीने उमेदवारी जाहीर केली. भादली, तरंगफळ, रावेर यांपैकी एकही मोठे शहर नाही. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे गुपित टिकवणे अवघड असते, पण मत मिळवायला तीच ओळख उपयोगी पडते. पाणी, रस्ता, घरकुलाचा अर्ज यांसाठी धावणारा माणूस कोण, हे लोक पाहतात आणि बाकीच्या गोष्टींचा काही काळ तरी विसर पडू देतात.

भादलीचा निकाल इंग्रजीत आहे आणि फार लांब नाही. त्याचे मराठी भाषांतर करून, कलम 4 च्या मजकुरासह, प्रत्येक तहसील कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांच्या पेटीत एक प्रत ठेवायला झेरॉक्सपुरताच खर्च येईल.