घरी येणारा कारागीर आणि घरातील आपण

दुरुस्तीस आलेला कारागीर लबाड निघाला म्हणजे चार पैशांचे नुकसान होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचीही तशीच होती. परंतु दोन वर्षांपूर्वी बारामतीस आमच्या घरी जे घडले, त्यावरून खरे नुकसान निराळेच असते असे आमच्या प्रत्ययास आले. ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि इतरांस उपयोग होईल म्हणून येथे नमूद करीत आहोत.

एका लग्नानिमित्त आम्ही इंदापुरास बंधूंकडे गेलो असता मागे पाण्याची मोटर बंद पडली. ती नुसती गुणगुणे, फिरत नसे. आलेल्या कारागिराने ‘वाइंडिंग जळाले’ असे सांगून ती दुकानी नेली, दुसऱ्या दिवशी आणून बसविली आणि साडेतीन हजार रुपये घेतले. पावती नाही, काढलेली तारही दाखविली नाही. परत आल्यावर आम्ही सर्वांदेखत सूनबाईंस म्हटले, “एवढी रक्कम देण्यापूर्वी दोन ठिकाणी विचारावयाचे नाही काय?” त्या काहीच बोलल्या नाहीत.

पुढे त्यांनी कोणाही कारागिरास बोलावणेच सोडून दिले. न्हाणीघराजवळील एका बटणास हात लावताच झिणझिण्या येत. त्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून ठेवली. एके दिवशी आमच्या सहा वर्षांच्या नातवाने ओल्या हाताने ते बटण दाबले आणि तो किंचाळून मागे पडला. देवकृपेने निभावले. “हे आधी का सांगितले नाही?” असे विचारता सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, पुन्हा फसले असते तर पुन्हा ऐकून घ्यावे लागले असते.”

आम्ही निरुत्तर झालो. फसविणारा आपले पैसे घेऊन निघून गेला. शिक्षा मात्र आम्ही घरच्या माणसास केली, आणि तिचे फळ लेकराच्या वाट्यास येता येता राहिले. एकत्र कुटुंबात असे पुष्कळदा होते. फसल्याबद्दल बोल लागतो, म्हणून फसणे लपविले जाते. आणि लपविले गेले की लबाडाचे आयतेच फावते.

बटण दुरुस्त करण्यास दुसरा कारागीर आला, त्यास मोटरही दाखविली. कारण ती पुन्हा गुणगुणू लागली होती. त्याने ती आमच्यासमोर उघडली. आतील तार कारखान्यातून आली तशीच होती. बिघडला होता तो कंडेन्सर. तो काही शे रुपयांत बदलून जुना त्याने आमच्या हाती दिला.

हा रोग आजचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कण्टकशोधन’ या चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांच्या प्रकरणाने होतो. स्थळ, काळ आणि काम आधी ठरवूनच काम व्हावे. मुदत टळल्यास वेतनाचा चौथा हिस्सा कापावा. सांगितल्याहून भलतेच केल्यास वेतन बुडावे, आणि वर दंडही द्यावा, असा त्याचा दंडक आहे. गिऱ्हाइकाचे कपडे स्वतः वापरणारा परीटही त्याच्या नजरेतून सुटलेला नाही! दंडाचे पुढे, पहिली अट ‘आधी ठरविणे’ ही आहे.

आमच्या इंदापूर तालुक्याचा इतिहासही हेच सांगतो. प्रिंगलसाहेबांच्या जमीनपाहणीत मोजणी चुकली, हाताखालच्या लोकांनी लाच खाल्ली, सारा डोईजड झाला आणि जमिनी ओस पडू लागल्या. तेव्हा १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्या पाहणीस आरंभ केला; मोजणी सुधारली आणि सारा तीस वर्षांकरिता ठरवून दिला. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. माप नीट केल्याने आणि दर आधी ठरविल्याने जे साधले, ते लाचखाऊंस नुसत्या शिव्या देऊन साधले नसते.

घरातही हेच करावे. काम, सामान, मजुरी आणि मुदत चार ओळींत लिहून घ्यावी. वस्तू शक्यतो जागेवरच उघडावयास लावावी, काढलेला भाग मागून घ्यावा, पावतीवाचून पूर्ण रक्कम देऊ नये. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. तेव्हा ती पोचविणाऱ्यास दारातच तोलून दाखविण्यास सांगण्यात संकोच कसला?

इतके करूनही फसगत झाली तर कायदा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राकडे गाऱ्हाणे मांडता येते. पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. मात्र तेथेही प्रथम पुरावा लागतो. आमच्यापाशी पावतीच नव्हती.

आणखी एक गोष्ट. एकाने फसविले म्हणून प्रत्येकास चोर समजू नये. दुसऱ्या कारागिरास आम्ही ठरलेली रक्कम त्याच क्षणी दिली, चहा दिला आणि त्याचे नाव वहीत टिपून ठेवले. ती वही आता स्वयंपाकघरात खुंटीस टांगलेली असते आणि सूनबाई ती लिहितात. तिच्या पहिल्या पानावर मोटरीचे साडेतीन हजार आम्ही स्वतःच्या हाताने, आमच्या चुकीसह, लिहून ठेवले आहेत.