चार चिठ्ठ्यांवरचा सलीम अली

इंग्रजीच्या तासाला बहुतेक वर्गांत वाचन एकाच चालीने होतं. बाई धडा वाचून दाखवतात, मग एकेक मूल उठून दोन-दोन ओळी वाचतं. वाचणाऱ्याचं लक्ष उच्चाराकडे, बाकीच्यांचं आपली पाळी कधी येते याकडे. धड्यात काय घडलं हे कुणालाच सांगता येत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी सातवीत अशी कितीतरी मुलं भेटतात.

म्हणून मी सातवीला उतारा अख्खा देत नाही. सलीम अलींच्या लहानपणाची गोष्ट मी सोप्या इंग्रजीत लिहून काढली आणि तिचे चार तुकडे केले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी पहिल्यात. ती ओळखता न आल्याने भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवणारे मामा दुसऱ्यात. तिथले मिलर्डसाहेब आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण तिसऱ्यात. पुढचं पक्षीनिरीक्षणाचं आयुष्य चौथ्यात. चौघांच्या गटात प्रत्येकाला एक चिठ्ठी. आधी एकाच क्रमांकाच्या चिठ्ठीवाल्यांनी एकत्र बसून ती सोडवायची, मग आपापल्या गटात परतून, चिठ्ठी पालथी ठेवून सांगायची.

ही रीत माझी नाही. १९७१ साली अमेरिकेत, टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तणाव होता. एकाचं दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे, असा अभ्यास मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी तिथे योजला. त्याला ‘जिगसॉ’ म्हणतात.

खरी गंमत तिसऱ्या चिठ्ठीवर येते. तिची सुरुवातच ‘ही ओपन्ड ड्रॉवर आफ्टर ड्रॉवर’ अशी मुद्दाम केली आहे. खण कोण उघडतंय? तिसऱ्या चिठ्ठीवाल्यांनी ठामपणे ठरवलं, सलीमच. गटात आल्यावर दुसऱ्या चिठ्ठीची मुलगी अडून बसली: “अरे, तो तर पाहुणा. दुसऱ्याच्या कचेरीतले खण तो कसा उघडेल?” मुलगा पुन्हा चिठ्ठीकडे वळला, यावेळी बोट ठेवून, प्रत्येक ‘ही’पाशी थांबत. कधी नव्हे ते एक मूल इंग्रजी वाक्य आपण होऊन दुसऱ्यांदा वाचत होतं.

हा वाद मराठीत झाला. होऊ द्यावा. वर्गात इंग्रजीच बोला म्हटलं की मुलं गप्प होतात, आणि गप्प मुलांना काय कळलं ते आपल्याला कळत नाही. शेवटचं उत्तर मात्र गटाने मिळून इंग्रजीत लिहायचं: पक्षी मारणारा मुलगा पक्ष्यांचा अभ्यासक कसा झाला? ते एका चिठ्ठीत सापडत नाही. एका गटाने लिहिलं, ‘अंकल डिड नॉट नो, सो सलीम वेंट टू आस्क.’ व्याकरणाची लाल शाई मी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवते.

गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो. चाळीस मुलांत तीन-चार जण तरीही नुसते बसून राहतात. त्यांना सर्वांत छोटी पण नेमकी अडणारी चिठ्ठी द्यावी. वेळ एका तासात पुरत नाही, जोडतास लागतो. शिक्षकमित्रांनो, महिन्यातून एक तरी जोडतास यासाठी काढा. खर्च चार कागदांचा आहे.