इंटरप्टच्या हिशोबाची तीन दशकं

चाकणला बजाज ऑटोचा कारखाना १९९९ साली सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आले. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या यंत्रांत आणि वाहनांत याच काळात कंट्रोलर वाढत गेले, आणि त्यांच्याबरोबर इंटरप्टही. प्रोसेसरला हातातलं काम बाजूला ठेवून आपल्याकडे बघायला लावणारा हार्डवेअरचा इशारा, तो इंटरप्ट. तो किती वेळा आला हे मोजण्याची रीत या तीन दशकांत खूप सुधारली.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९९६ च्या २.० आवृत्तीपासून एका यंत्रात अनेक प्रोसेसर चालू लागले. पुढे इंटरप्टची मोजणी दाखवणाऱ्या ‘/प्रोक/इंटरप्ट्स’ या यादीत दर प्रोसेसरला वेगळा रकाना मिळाला. सगळा भार एकाच प्रोसेसरवर पडत असेल, तर ते नुसत्या बेरजेत कळत नसे. रकान्यांत लगेच दिसतं.

डिसेंबर २००३ मधल्या लिनक्स २.६ ने त्याहून मोलाची गोष्ट केली. एका इंटरप्ट लाइनवर दोन-तीन उपकरणं असू शकतात. म्हणून ‘हा इंटरप्ट माझा’ की ‘माझा नाही’, हे उपकरणाच्या ड्रायव्हरने कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचं ठरलं. लाखातल्या ९९,९०० हून अधिक इंटरप्टना कोणी धनी निघाला नाही, तर कर्नल ती लाइनच बंद करतो. दरवेळी ‘माझा’ म्हणणारा ड्रायव्हर मात्र बिघाड झाकतो. हिशोबाचा खरेपणा ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हातात असतो, तो असा.

याच सुमारास नेटवर्क ड्रायव्हरांत ‘नॅपी’ पद्धत रुळली. वाहतूक वाढली की कार्डाचा इंटरप्ट तात्पुरता बंद करून पॅकेट थेट उचलायची. तेव्हापासून कमी आकडा म्हणजे कमी काम, हे समीकरण मोडलं.

इंजिनाच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, सहसा लिनक्स नसतं, पण प्रश्न तोच. क्रँकच्या साठ-वजा-दोन (साठांतले दोन गाळलेल्या) दात्यांच्या चाकावर ६,००० आरपीएमला सेकंदाला ५,८०० दाते सेन्सरसमोरून जातात. प्रत्येकासाठी प्रोसेसरला उठवणं परवडत नाही, म्हणून हे काम चिपमधल्या वेगळ्या टायमर युनिटकडे सोपवतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे नियम लागू झाल्यावर ईसीयूवरची जबाबदारी आणखी वाढली.

नोव्हेंबर २०२४ च्या लिनक्स ६.१२ मध्ये रिअल-टाइमची, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर देण्याची, सोय मुख्य कर्नलमध्ये आली. तोवर ती वीसेक वर्षं बाहेरच वाढत होती. तिथे विचारायचं ते इंटरप्टला उत्तर किती उशिरा मिळालं. नुसत्या संख्येत ते सापडत नाही, उशीर वेगळा मोजावा लागतो.

शॉपफ्लोअरवरच्या संगणकांबाबत म्हणूनच माझा आग्रह आहे: लाइन सुरळीत चालू असतानाच ठरावीक वेळाने इंटरप्टच्या यादीतले आकडे टिपून ठेवावेत. ते यंत्र सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात. अर्थ दोन नोंदींमधल्या फरकाला असतो. लाइन बंद पडल्यावर पहिल्यांदा यादी उघडणाऱ्या मेंटेनन्सवाल्याला ताडून बघायला काहीच उरत नाही.