रंग बदलण्याआधी

गुंडाम या जपानी ॲनिमे मालिकेतल्या यंत्रमानवाचा पहिला प्लास्टिक संच बंदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये जपानात आणला. किंमत ३०० येन. कथेतला १८ मीटरचा यंत्रमानव १/१४४ प्रमाणात जेमतेम साडेबारा सेंटिमीटरचा होतो. हल्ली भाग रंगीत प्लास्टिकचेच येतात, त्यामुळे रंगकाम ऐच्छिक. खरी मजा मात्र तिथेच.

सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुतले की साच्याचा तेलकटपणा जातो. मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर, राखाडी प्रायमर आणि रंगाचे पातळ हात. गडद प्लास्टिकवर पिवळा किंवा लाल थेट मारला तर मळकट दिसतो; पिवळ्याखाली पांढरे, लालाखाली गुलाबी अस्तर द्यावे. सांध्यांवर रंग कमीच बरा, हालचालीने खरवडून निघतो.

आमच्या नाशिकमध्ये रंगकामाची अडचण हवामानाची. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक चढते. मेच्या कोरड्या दुपारी फवारा वाटेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे. थंडी असली तरी खिडकी उघडी ठेवा आणि रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क लावा. साधा कापडी चालत नाही.